सोप्या पुस्तकांची बाजू



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या बाई जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. म्हणून आजचा विषय चौथी-पाचवीच्या वर्गातला घेतला आहे. घरी एक भाषा बोलणारे मूल शाळेत दुसरी भाषा शिकते, तेव्हा त्या भाषेचे शब्द त्याला वाचनातून कसे मिळतात? आणि मिळत नसतील तर कशामुळे? माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला शेवटची बस गाठायची असेल तर हरकत नाही. मुलाला नवे शब्द मिळतात ते जवळजवळ सगळे समजणाऱ्या पुस्तकातून. आणि असे एक पुस्तक पुरत नाही, पुष्कळ लागतात. आपल्या शाळांत बहुधा याच्या उलट चालते. मुलाच्या हाती एकच पुस्तक असते आणि तेही त्याला जड जाणारे.

या प्रश्नाचा फार नेटका विचार शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात झाला आहे. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधल्या द्वैभाषिकतेवरचा त्यांचा अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यांना खटकत होते ते असे : बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात, त्यातली पुष्कळशी मध्येच शाळा सोडतात, आणि सोडताना त्यांच्या पदरात काहीच पडत नाही. इथे वेस्ट यांनी विम्याच्या धंद्यातला शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. आपल्या घरोघरी एलआयसीमुळे तो माहीत आहे. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हाती किती येते, हा प्रश्न त्यांनी भाषेच्या अभ्यासक्रमाला विचारला. शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकला त्याचे भले, मधल्या थांब्यावर उतरला तो रिकामा, अशी त्या अभ्यासक्रमाची रचना होती.

वेस्ट यांचे उत्तर होते, आधी वाचायला शिकवा. अर्धेमुर्धे बोलायला शिकलेला मुलगा गावी परतल्यावर इंग्रजी बोलणार कोणाशी? सोपे वाचता येऊ लागलेला मुलगा मात्र शाळा सुटली तरी एकट्याने पुढे जाऊ शकतो. मग त्यांनी वर्गातली वाचनमाला तपासली. तिच्यात नवे शब्द दाटीवाटीने येत होते, त्यातले कित्येक दुर्मिळ होते, आणि एकदा आलेला शब्द पुन्हा तोंड दाखवत नव्हता. वेस्ट यांनी पुस्तके नव्याने लिहिली. दुर्मिळ शब्दाच्या जागी नेहमीचा घातला, नवे शब्द लांब लांब अंतरावर पेरले, आणि आलेला प्रत्येक शब्द पुढच्या पानांवर परत परत येईल अशी व्यवस्था केली. लाँगमन्सची ‘न्यू मेथड’ वाचनमाला ती हीच. पुढे १९५३ मध्ये त्यांनी नेहमीच्या वापरातल्या सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली, तिच्यावर जगभरच्या पाठ्यपुस्तकांची एक पिढी पोसली गेली.

आता कोणी म्हणेल, मग ही २००० शब्दांची यादीच पाठ करून घ्यावी, प्रश्न मिटला. सामान्य इंग्रजी मजकुरातले पाचातले सुमारे चार शब्द या यादीत सापडतात, ही गोष्ट खरी आहे. पाचात चार ऐकायला मोठे वाटते. पण याचा अर्थ असाही होतो की दर पाचवा शब्द अनोळखी राहतो. २००० साली हू आणि पॉल नेशन या संशोधकांनी एका गोष्टीतले काही शब्द काढून त्यांच्या जागी निरर्थक शब्द घातले आणि ती वाचायला दिली. ज्यांच्या हाती आलेल्या मजकुरात ८० टक्के शब्द ओळखीचे होते, त्यांच्यातल्या एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. कोणाच्या मदतीवाचून नीट समजायची तर सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे पन्नासात एक शब्द नवा.

तसाच प्रयोग इथे मराठीत करून पाहू. मी एक शब्द बनवते, टुमकी. ‘आजी ओसरीवर बसून टुमकीने सुपाऱ्या फोडत होती.’ टुमकी तुम्ही कधी पाहिलेली नाही, तरी ती हातात धरायची, कठीण वस्तूवर मारायची चीज आहे एवढे कळले. चार पानांनी वाक्य येते, ‘टुमकीची मूठ निसटली आणि ती आजीच्या पायावर पडली.’ म्हणजे तिला मूठ आहे आणि तिला वजन आहे. पुढे कुठेतरी ‘पावसात राहून टुमकी गंजली’. म्हणजे लोखंडाची. तीन भेटींत तीन गोष्टी कळल्या, आणि कोणी अर्थ सांगितला नाही. आता दुसरे वाक्य ऐका : ‘थिरग्याने लोबडीत टुमकी गवचली.’ काही बोध झाला? वाक्य मराठी आहे, प्रत्यय आपले आहेत, कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी आहे. पण धरायला काही नाही. अनोळखी शब्दाचा अर्थ शेजारचे ओळखीचे शब्द सांगतात. शेजारीही परके असले की विचारायचे कोणाला? इंग्रजीचा धडा उघडून बसलेल्या आपल्या कित्येक मुलांपुढे पानभर हेच थिरगे आणि लोबड्या असतात.

शब्द टप्प्याटप्प्याने कळतो, ही गोष्ट आपण शब्दार्थांच्या वहीत विसरतो. वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि काम संपले. पण मराठीत आपण चहाही करतो आणि अभ्यासही करतो. इंग्रजीत चहाला ‘मेक’ लागते आणि होमवर्कला ‘डू’. वहीत दोन्हींपुढे ‘करणे’ लिहिलेले असते. कोणता शब्द कोणाच्या संगतीत वावरतो, कुठे शोभतो, कुठे खटकतो, हे वाक्यांतून शंभरदा गेल्यावाचून कळत नाही. मातृभाषेत हे काम बोलण्याने होते. दुसरी भाषा घरात-गल्लीत कानावर पडत नसेल तर ते पुस्तकावर येऊन पडते.

पुस्तकांचा असा मारा खरोखर करून पाहिला तर काय होते? याचे सर्वात बोलके उदाहरण फिजीचे आहे. प्रशांत महासागरातल्या या बेटांवर १८७९ पासून उसाच्या मळ्यांत राबायला भारतीय गिरमिटिये नेले गेले. त्यांच्या वंशजांच्या घरात फिजी हिंदी बोलली जाते, मूळ रहिवाशांच्या घरात फिजीयन. शाळेत पहिली तीन वर्षे घरच्या भाषेचा आधार, इंग्रजी हा एक विषय, आणि चौथीपासून सगळे शिक्षण इंग्रजीत, अशी तिथली पद्धत होती. इंग्रजी शिकवले जाई ते ठरावीक वाक्यरचना तोंडी घोकून घेऊन. गावच्या शाळेत गोष्टीची पुस्तके जवळजवळ नव्हतीच.

१९८० मध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी अशा ग्रामीण शाळांतले चौथी-पाचवीचे वर्ग निवडले. काही वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. त्यातल्या निम्म्या वर्गांत शिक्षक मोठ्याने गोष्ट वाचत. आधी मुखपृष्ठ दाखवायचे, पुढे काय होईल ते मुलांना विचारायचे, वाचून दाखवायचे, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा घ्यायची. आता मुलेही आवाजात आवाज मिसळतात, मग तिचे नाटक करतात, चित्र काढतात, चार ओळी लिहितात. उरलेल्या निम्म्या वर्गांत रोज वीस-तीस मिनिटे मुकाट्याने वाचायचे, एवढेच. तिसऱ्या गटातल्या शाळांत जुनी घोकंपट्टी चालू ठेवली. आठ महिन्यांनी चाचण्या घेतल्या. पुस्तके मिळालेल्या दोन्ही गटांची वाचून आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झाली होती. नव्याची नवलाई म्हणावी, तर ती वर्षभरात ओसरायला हवी होती. वीस महिन्यांनी पाहिले तेव्हा फरक आणखी वाढला होता आणि भाषेच्या इतर अंगांतही उतरला होता.

या प्रयोगातली मला महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे शिक्षक तेच होते, त्याच शाळांतले. परदेशातून तज्ज्ञ आणून वर्गावर उभे केले नव्हते. ‘आमच्या शिक्षकांचेच इंग्रजी कच्चे, ते काय शिकवणार’ हे वाक्य आपण फार ऐकतो. फिजीत भाषेचा भार बऱ्याच अंशी पुस्तकांनी उचलला. पुढे सिंगापूरमध्ये आणि श्रीलंकेतही शाळांत पुस्तके ओतण्याचे असे कार्यक्रम झाले.

इतकी पुस्तके कशाला लागतात, याचा हिशेब करता येतो. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर नेगी, अँडरसन आणि हर्मन यांनी १९८७ मध्ये केलेला अभ्यास सांगतो की वाचता वाचता भेटलेला अनोळखी शब्द एका भेटीत कळण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास असते. आणि ती त्यांची शाळेचीच भाषा. आता नुसत्या उदाहरणादाखल आकडे धरू. वर्षभरात पाठ्यपुस्तकातून २०० अनोळखी शब्द भेटले, तर शंभराला पाच या दराने पदरात पडले १०. हेच मूल गोष्टींची पुस्तके वाचत राहिले आणि वर्षात १०,००० अनोळखी शब्दांशी गाठ पडली, तर झाले ५००. दर तोच. फरक पडला भेटींच्या संख्येने. म्हणून जे वाचतात त्यांचे शब्द वाढतात, शब्द वाढले की वाचणे सोपे होते, सोपे झाले की ते आणखी वाचतात. आणि ज्यांना वाचायलाच मिळत नाही ते दरवर्षी आणखी मागे पडतात. वर्गातली ही दरी बुद्धीची आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या मुलाच्या हाती वर्षात किती पाने आली हे आपण मोजलेले नसते.

पण शब्द कानावरूनही येतात, टीव्ही आहे, मोबाईल आहे, मग छापील पानच कशाला, असेही विचारले जाते. याचेही मोजमाप झाले आहे. १९८८ मध्ये हेज आणि अ‍ॅरेन्स यांनी इंग्रजीतल्या निरनिराळ्या मजकुरांत दर हजारी किती दुर्मिळ शब्द येतात ते मोजले. पदवीधर मोठ्या माणसांच्या गप्पांत ते सुमारे १७ निघाले आणि लहान मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१. बोलताना आपल्यापुढे वस्तू असते, हातवारे असतात, ‘ते’, ‘हे’, ‘तिकडचं’ म्हणून भागते. पुस्तकाला सगळे शब्दांतच मांडावे लागते. म्हणून साधी दिसणारी बालकथा आपल्या दिवाणखान्यातल्या चर्चेपेक्षा शब्दश्रीमंत असते.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हे व्याख्यान प्रचारपत्रक होईल. नुसत्या वाचनातून शब्द हळू येतात आणि पटकन निसटतात. वॉरिंग आणि ताकाकी यांनी २००३ मध्ये जपानी विद्यापीठातल्या विद्यार्थिनींना एक सोपे केलेले इंग्रजी पुस्तक वाचायला दिले. त्यात २५ शब्दांच्या जागी बनावट शब्द घातलेले होते. वाचून झाल्या झाल्या त्यांना सरासरी चार-पाच शब्दांचा अर्थ सांगता आला. तीन महिन्यांनी उरला जेमतेम एक. म्हणजे एकदा वाचले आणि शब्द कमावला, असे होत नाही. शब्द विसरायच्या आत पुन्हा भेटला पाहिजे, आणि त्यासाठी एकामागून एक पुस्तके लागतात.

दुसरे असे की शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचे एक वाक्य फार काम करते. एली यांनीच न्यूझीलंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवून नवे शब्द किती कळतात ते मोजले. नुसती गोष्ट वाचली तेव्हा सुमारे १५ टक्के शब्दांची भर पडली. वाचता वाचता शिक्षकाने शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगितला, चित्रावर बोट ठेवले, हाताने करून दाखवले, तेव्हा ती ४० टक्क्यांपर्यंत गेली. यावरून मी दोन टोके टाळायला शिकले. पुस्तके दिली की बाकी सगळे आपोआप होते, हे एक टोक. गोष्ट थांबवून दर ओळीला फळ्यावर शब्दार्थ लिहायचे, हे दुसरे. शिक्षकाने अर्थ सांगावा, जमल्यास मुलाच्या घरच्या भाषेत सांगावा, आणि गोष्टीला पुढे जाऊ द्यावे.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पंचवीस वर्षे झाली. आपल्या मुलांकडे एक भांडवल आधीच आहे, त्याकडे आपण बघत नाही. शाळेत यायच्या आधीच त्यांना बस, तिकीट, स्टेशन, डॉक्टर, इंजेक्शन, बॅट, बॉल, चार्जर असे कितीतरी शब्द कानाने माहीत असतात. पहिली पुस्तके या शब्दांवर उभी केली तर पहिल्याच दिवशी मूल म्हणेल, अरे, हे मला येते. आपण भिंतीवर तक्ता लावतो त्यात काय असते? इग्लू, याक आणि झायलोफोन. सोलापूरच्या उन्हात इग्लू!

दुसरी अडचण लिपीची. मराठी वाचायला शिकलेल्या मुलाला अर्थ न कळलेला शब्दही उच्चारता येतो, देवनागरी तेवढी साथ देते. इंग्रजी स्पेलिंग ती देत नाही. उच्चारच जमला नाही तर शब्द लक्षात धरायचा कशाने? म्हणून सुरुवातीच्या वर्षांत नुसते ‘वाचा’ म्हणून चालणार नाही. मोठ्याने वाचणारे कोणी हवे आणि त्याच वेळी मुलाचे बोट ओळीवरून फिरत हवे. शिक्षकाला स्वतःच्या उच्चारांची भीती वाटत असेल तर ध्वनिमुद्रित गोष्ट लावा, मोबाईल खिशात आहेच. आणि या सगळ्याच्या आधी मुलाचे मराठी वाचन पक्के असावे. गोष्ट म्हणजे काय, पुढे काय होईल याचा अंदाज कसा बांधायचा, हे मूल एकदाच शिकते आणि दोन्ही भाषांत वापरते.

इंग्रजीचे बोलता बोलता आपण विसरतो की महाराष्ट्रातल्या लाखो मुलांची दुसरी भाषा मराठी आहे. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, नंदुरबारचे भिली बोलणारे, गडचिरोलीतले माडिया बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यापुढचे मराठीचे पुस्तक मुळाक्षरे तेवढी नवी, शब्द मात्र ओळखीचे, असे गृहीत धरून लिहिलेले असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबादला वारली मुलांसाठी शाळा मुलांपर्यंत नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढल्या. शाळा मुलापर्यंत जावी हे आपण त्यांच्याकडून शिकलो, आता पुस्तकाची भाषाही तेवढीच चालून गेली पाहिजे. शहरात वेगळे चित्र आहे. २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. मुंबईतला हिंदी, तमिळ किंवा गुजराती घरातला दहा वर्षांचा मुलगा मराठी शिकू लागतो, तेव्हा त्याला वाचायला काय आहे? एक तर चिऊ-काऊ, ज्याची त्याला लाज वाटते. नाहीतर कुमारांसाठीच्या कादंबऱ्या, ज्यांत दर ओळीला तो अडखळतो. भाषा दुसरीची आणि विषय पाचवीचा, अशी पुस्तके मराठीत फार थोडी आहेत. खेळाडू, यंत्रे, साप, भुते, रहस्य, विनोद, सगळे हवे, पण हजार-दीड हजार शब्दांत बसवलेले. हे लिहिणे सोपे समजू नका. मर्यादित शब्दांत पकड घेणारी गोष्ट लिहायला मोठा लेखक लागतो, आणि आपल्याकडे त्या कामाला प्रतिष्ठा नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीविव्हरवर अनेक भारतीय भाषांतल्या, पातळीनुसार लावलेल्या गोष्टी मोफत मिळतात आणि त्यांचे भाषांतर करायला परवानगीही आहे. रस्ता आहे. त्यावर मराठीतून चालणारे अधिक हवेत.

शेवटी काही मागण्या, कारण विचाराने कपाट उघडत नाही. आपल्या कित्येक शाळांत पुस्तके असतात, पण कुलपात. याचा दोष शिक्षकावर टाकणे सोपे आहे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेले पुस्तक फाटले किंवा हरवले तर जाब त्याला द्यावा लागतो, मग तो कुलूपच लावणार. तेव्हा पहिली मागणी, वाचून फाटलेली पुस्तके दरवर्षी निर्लेखित करण्याचा अधिकार शाळेला द्या. फाटके पुस्तक हे कामगिरीचे लक्षण माना आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने कोऱ्या पुस्तकांबद्दल जाब विचारावा. दुसरी, वेळापत्रकात रोज वीस मिनिटे वाचनाची ठेवा आणि त्यावर परीक्षा घेऊ नका. गुण आले की मूल पुस्तक सोडून उत्तर शोधू लागते. तिसरी, चौथीतल्या मुलाने दुसरीच्या पातळीचे पुस्तक उचलले तर ‘हे काय बाळबोध वाचतोस’ असे कोणी म्हणू नये, ना शिक्षकाने ना पालकाने. त्या पुस्तकात त्याला पन्नासात एखादाच शब्द नवा असेल, आणि तोच त्याला कळण्याची शक्यता सर्वात जास्त आहे. या तिन्हींपैकी पहिलीला एक शासन निर्णय लागेल, दुसरीला मुख्याध्यापकांचा होकार. तिसरीला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, ती आज या सभागृहातून घरी गेल्यावर अमलात आणता येईल.